पुरी रिंग

"हॅलो?"

एवढंच ऐकलं आणि दिव्यानीच्या हातातली कात्री खाली पडली.

तिने बाबाला नेहमीसारखी एक रिंग दिली होती. एक रिंग म्हणजे भात झाला, तलावावरून निघा. एकदा वाजली की कापायची आणि पुन्हा शिलाई मशीनला पाय लावायचा. आजवर यात कधी चूक झाली नव्हती. आज मात्र कापायच्या आत कोणीतरी फोन उचलला... आणि आवाज बाबाचा नव्हता. कोणा परक्या पुरुषाचा होता. गोड, शहरी, सावकाश.

तुम्ही म्हणाल, फोन वाजला, उचलला, त्यात काय एवढं? पण बोडीटोल्यात तसं नसतं. वडसा सोडून जंगलाकडे वळलं की तलावाच्या काठी हे ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं, लहानसं गाव लागतं. तिथले बहुतेक जण फोन कंपनीचा सगळ्यात लहान पॅक मारतात. त्यात फोन जिवंत राहतो, पण बोललं की मिनिटामागे पैसे कापतात. मग बोलतंय कोण! एक रिंग म्हणजे घरी या, दोन म्हणजे पोचलो, आणि उचलायचं ते फक्त घात झाला तर. कोणी बुडालं असेल, कोणाला साप चावला असेल, तरच बोडीटोल्याचा माणूस वाजत्या फोनचं हिरवं बटन दाबतो.

दिव्यानी धावली. पायात चप्पल नाही, गळ्यात मापाची टेप, आणि हातात राजाची एक बाही. थंडीत झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की वडसाच्या मंडळीचे कपडे तिच्याकडे शिवायला यायचे, आणि सध्या एका राजाचा अंगरखा तिच्या मशीनवर होता. ती जरीची बाही फडफडवत ती तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढली तेव्हा तिचा श्वास पार तुटला होता.

बाबा छातीभर पाण्यात उभा होता. धडधाकट. जाळं अडकलं म्हणून कोणाला तरी मनसोक्त शिव्या देत होता.

आणि काठावर उभा होता एक तरुण. इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग, दोन्ही हातांत बाबाचा बटनाचा फोन, देवळातला प्रसाद धरावा तसा.

"तुमी उचलला?" दिव्यानीने विचारलं.

"हो... म्हणजे, वाजला म्हणून—"

"वाजला म्हनून उचलता? काई रीत हाय का नाई तुमाले?"

"अहो, फोन वाजला की उचलायचाच असतो ना?"

"कोनं सांगतलं?"

टेलिफोन कंपनीत पगार घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा. त्याने फोनकडे पाहिलं, तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग त्या बाहीकडे... आणि त्याला हसू आलं. ते त्याने दाबायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांतून सांडलंच.

"हासून काऊन राह्यले?" ती म्हणाली. "जीव गेला असता माहा."

"माफ करा," तो एकदम गंभीर झाला. "खरंच. मले माहीत नव्हतं."

ते 'मले' ऐकून तिचा राग थोडा उतरला. म्हणजे अगदीच परदेशी नव्हता तर. पाण्यातून तिचा बाबा, मुखरूभाऊ, ओरडला, "अवो दिव्या, पावना हाय तो! चंद्रपूरवरून आला. मीच देल्ला फोन धराले, ओला झाला असता!"

जाळं काठाला लागलं. रोहू तडफडत होते, मधेच एखादी मरळ उसळत होती. वाटे पडले. ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक, मच्छीमार सोसायटीचा एक. मग मुखरूभाऊने एक चांगला रोहू उचलून पाहुण्यापुढे धरला.

"मी कुठी ओढलं जाळं, भाऊ?" पाहुणा मागे सरला.

"पाळीचा वाटा हाय. जाळं बाहेर येतेवेळी जो परका मानूस पाळीवर उभा राह्यते, त्याले द्याच लागते. जुनी रीत हाय आमची."

त्याने मासा घेतला. कसा धरायचा हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. रोहूने एक हिसका दिला आणि इस्त्रीच्या शर्टावर चिखलाची नक्षी उमटली. आता हसायची पाळी दिव्यानीची होती, आणि तिने मुळीच दाबलं नाही.

त्याचं नाव रोशन. कंपनीच्या चंद्रपूरच्या ऑफिसात तो दर ठरवणाऱ्या लोकांत बसायचा. बोडीटोल्याच्या टेकडीवरचा टॉवर कंपनीला कोडं घालत होता. लाइन दिवसभर अडकलेली, आणि कमाई जवळपास शून्य. असं कसं होतं, ते बघायला त्याला पाठवलं होतं. गावात त्याने बायनाबाईंची ओसरीची खोली घेतली. बायनाबाई म्हणजे दिव्यानीची शेजारीण, एकटी राहणारी म्हातारी, आणि कान असे की भिंतीपलीकडे सुई पडली तर तिचा नंबर सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशन दिव्यानीच्या खिडकीखाली फोन हातात घेऊन उभा दिसला. तिसऱ्या दिवशीही.

"काय जी, काई हरपलं का इथी?" तिने मशीन न थांबवता विचारलं.

"रेंज. ह्या खिडकीपाशी चांगली येते."

"सारा गाव पाळीवर जाते रेंजीसाठी. तुमचाच फोन येगळा हाय वाटते."

"कंपनीचा हाय ना. त्याले जास्त कळते."

तिने मान खाली घातली. टाका वाकडा गेला होता, तो उसवायला लागला. राजाच्या अंगरख्यावर त्या आठवड्यात असे बरेच टाके वाकडे गेले, आणि दर वेळी दोष दोऱ्याचा निघाला.

हळूहळू तो खिडकीतून आतल्या बाकावर आला. ती शिवायची, तो विचारायचा. कोण कोणाला किती रिंग देतं, कशासाठी देतं, कधीच का उचलत नाही. ती सांगायची आणि मधेच त्यालाच कोड्यात टाकायची.

"आता सांगा, बायनाबाईनं आपल्या लेकीले दोन रिंगी देल्या आन मंग एक. तं काय झालं?"

"पोचले... आणि घरी या?"

"छट्. 'पोचली, पन तुह्या घरी कुलूप हाय, ये लवकर.'"

"ह्याले कंपनी पैसे कसे लावणार, सांगा!" तो डोक्याला हात लावायचा.

"कायले लावता? आमी तुमचं काई खातो का?"

"लाइन अडते ना. तुमी रिंग देता तेवढा वेळ दुसऱ्याले लाइन भेटत नाही. टॉवर उभा ठेवाले डिझेल लागते, माणूस लागते—"

"आन तुमचा टॉवर झोपते तेवा? गेल्या पावसाळ्यात कितीक दिवस मेला पडून होता. पॅकाचे दिवस तं सरूनच राह्यले होते. तेवा आमी काय वापरलं, सांगा?"

तो मान हलवायचा. मग म्हणायचा, "बरोबर हाय तुमचं." हे 'बरोबर हाय' तिला फार आवडायला लागलं होतं. गावातले पोट्टे हरले की आवाज चढवत. हा हरला की विचार करायचा, आणि विचार करताना भुवईवर बोट फिरवायचा. दिव्यानी ते बोट पाहायची, मग घाईने सुईत दोरा ओवायची, जो आधीच ओवलेला असायचा.

एका संध्याकाळी मुखरूभाऊने त्याला जेवायला बोलावलं. अंगणात शेकोटी, ताटात वाफाळता भात, रोहूचा रस्सा. ताटं वाढली तरी मुखरूभाऊ जेवेना. फोन समोर विटेवर ठेवून बसून राहिला.

"बाबा कोनाची वाट पाहून राह्यले?" रोशनने हळूच विचारलं.

"मायची," दिव्यानी म्हणाली.

तिची आई मनकर्णा दर हिवाळ्यात गावच्या बायांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जायची. होळीच्या आसपास परत यायची. तिकडे शेतातच पाल ठोकून राहायचं, दिवसभर हातांची आग आग व्हायची. पण रोज सूर्य बुडाला की—

फोन वाजला.

सवयीने रोशनचा हात पुढे गेला. दिव्यानीने चटकन त्याचं मनगट धरलं. "उचलू नका!"

एक रिंग झाली. दोन झाल्या. कोणी कापत नव्हतं. फोन विटेवर थरथरत होता, त्याचा निळा उजेड मुखरूभाऊच्या चेहऱ्यावर पडत होता, आणि म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. वाजत राहिला... वाजत राहिला... आणि आपणहून थांबला.

"हे पुरी रिंग," दिव्यानी कुजबुजली. "कापाची नाई, उचलाची नाई. पुरी वाजू द्याची. थे तिकडे कानाले लावून बसते, बाबा इकडे बसते. म्हनजे... दोघंबी हाय."

मुखरूभाऊने डोळे उघडले, विटेला हात लावून कपाळाला लावला आणि भाताचा घास घेतला. मग जरा लाजून म्हणाला, "जेवा ना बाप्पा. थंडं होते."

रोशन ताटाकडे वळला. आणि दिव्यानीच्या लक्षात आलं की त्याचं मनगट तिने अजून सोडलेलं नाही. सोडलं. शेकोटीचा जाळ उगाचच तिच्या गालांना लागला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण रोशन सरळ माणूस, पोटात काही ठेवणं त्याला जमायचं नाही. निघताना फाटकाशी तो म्हणाला, "दिव्यानी, एक सांगायचं हाय. कंपनी रिंगवरच पैसे लावायचं म्हणते. पुरी वाजली की अर्ध्या मिनिटाचे कापायचे. ते कसं बसवायचं, त्याचाच हिशेब कराले मले पाठवलं."

तिने फाटक धरलं.

"आन नाई जमलं तं?"

"तर टॉवर परवडत नाही म्हणतात. बंद."

"म्हनजे माही माय रोज पैसे देईन. नाई तं मुकी बसन." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आन पुरी रिंग काय असते, हे आमच्याच ताटावर बसून समजून घेतलं तुमी?"

"मी अजून काहीच लिहिलं नाही—"

"लिवा ना. मस्त लिवा. रस्सा चांगला होता म्हनूनबी लिवा."

फाटक लागलं. दुसऱ्या दिवशी खिडकीही लागली. बायनाबाईने ओसरीवरून मोठ्याने विचारलं, "काऊन वो, रेंज गेली का आज?" आतून फक्त मशीनचा खडखडाट वाढला.

आणि म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना! त्याच दुपारी टॉवर बंद पडला. जनरेटरचा कुठलासा भाग जळला होता. नवा यायला वेळ लागणार होता.

संध्याकाळ झाली. फोन विटेवर मुका पडला. मुखरूभाऊ बसून राहिला, ताट निवून गेलं. दिव्यानीने विनवण्या केल्या, रागावली, शेवटी रडकुंडीला आली. "बाबा, टॉवर बंद हाय. मायले काई झालं नाई."

"मले मालूम हाय," मुखरूभाऊ म्हणाला. "पन तिले कुठी मालूम? थे तिकडे कानाले लावून बसली असन, आन थे बाई सांगत असन, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. थे जेवली असन का?"

दुसऱ्या दिवशीही तेच. म्हातारा रिकाम्या पोटीच पाण्यात उतरला. दिव्यानीचा जीव तुटत होता, आणि सगळा राग एकाच माणसावर निघत होता. तो माणूस त्या दुपारी आला. खिडकीशी नाही, सरळ मुखरूभाऊसमोर.

"भाऊ, तुमचा फोन द्या मले. वडसा रोडवर नाक्यापाशी दुसऱ्या टॉवरची रेंज येते. मी तिथी जाऊन बसतो."

मुखरूभाऊने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग कनवटीचा फोन काढून दिला. "उचलजो नको, बेटा."

"नाही उचलणार."

सूर्य बुडाला. धुकं उतरलं. दिव्यानी फाटकाशी उभी होती, कोणासाठी ते स्वतःलाही न सांगता. शेवटी मोटारसायकलचा दिवा दिसला. रोशन उतरला तेव्हा दात वाजत होते, भुवया दवाने भिजल्या होत्या. त्याने दोन्ही हातांनी फोन मुखरूभाऊपुढे धरला.

"पुरी वाजली, भाऊ. एकदा नाही... थांबली, आणि पुन्हा वाजली. मी कानाले लावून बसलो होतो." त्याने नाक पुसलं. "मी इतकी वर्षं लाइनचा हिशेब करून राह्यलो. पण लाइनवर काय असते, हे मले आज ऐकाले आलं."

मुखरूभाऊ उठून उभा राहिला. फोन कपाळाला लावला आणि ओरडला, "दिव्या, भात वाढ! दोन ताटं!"

दिव्यानी आत पळाली. चुलीपाशी उभी राहून पदराने डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली. पण मनात एकच होतं—किती उपकार झाले, देवा... ज्याला मी दार लावलं, तो माझ्या मायचा जीव हातात धरून आणतो. ताट वाढताना तिने रोशनच्या भातावर तूप जरा जास्तच सोडलं. बोलली मात्र एवढंच, "कानटोपी नाई का तुमच्याकडे?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी तो नाक्याकडे निघाला तेव्हा त्याच्या डोक्यावर लाल जरीची कानटोपी होती. राजाच्या अंगरख्याचं उरलेलं कापड वाया का घालवायचं? टॉवर सुरू होईपर्यंत तो रोज त्या टोपीत नाक्यावर जाऊन बसला. येणारे-जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, विचारायचे, राजेसाहेब कोणाची वाट पाहतात?

त्या दिवसांतच, शेकोटीशी बसून, त्याने मुखरूभाऊला विचारलं, "भाऊ, तुमी तलावाचे पैसे कसे लावता? म्हणजे, सोसायटीले कोण किती देते?"

"मासा लागला तं वाटा. नाई लागला तं नाई. पान्यात उभा राह्यला म्हनून कोनी पैसे घेते का?"

"मग जाळं रिकामं निघालं त्या दिवशी तलाव कसा सांभाळता? पाळ फुटली तर?"

"त्याले पाळीची माती." मुखरूभाऊने हाताने टोपल्याचं माप दाखवलं. "उनाळ्यात घरटी मानूस येते, आपली आपली माती टाकते. त्याले मासा लागो का न लागो. पाळ सगळ्याइची हाय ना. पन तलाव आटला त्या वर्षी मातीबी मागत नाई आमी कोनाले."

रोशनचं बोट भुवईवर गेलं. दिव्यानी पाहत होती.

"थोडी माती सगळ्यांची," तो सावकाश म्हणाला, "टॉवर उभा ठेवायपुरती. बाकी जो बोलंल, त्यानं बोलल्याएवढं. टॉवर झोपला तो दिवस मोजायचाच नाही. आणि रिंग—"

"रिंग म्हनजे पाळीवर उभं राह्यनं," दिव्यानी म्हणाली. "त्याचे पैसे नाई लागत. उलटा वाटा भेटते."

तिने हे कपड्यावरची नजर न उचलता म्हटलं. मग उचलली. तो तिच्याकडेच पाहत होता, आणि या वेळी दोघांपैकी कोणीच सुईदोऱ्याचं निमित्त शोधलं नाही.

चंद्रपूरला जाऊन तो भांडला. साहेब लोक आधी हसले, मग ऐकू लागले, कारण तोट्यात रडणाऱ्या टॉवरांची त्यांनाही चिंता होतीच. शेवटी ठरलं, करून पाहू. जंगलातल्या काही टॉवरांवर एक वर्ष हा दर लावायचा. बोडीटोल्यात तसा मेसेज आला, तेव्हा दिव्यानीने तो बायनाबाईला वाचून दाखवला. म्हातारी म्हणाली, "म्हनजे आता बोलाले स्वस्त झालं?"

"हो."

"तरी मी उचलणार नाई बाप्पा. भेव वाटते."

एकच गोम होती. दर रोशनचा, म्हणून तो बसवायचं कामही रोशनचं. त्याला अहेरीकडे पाठवलं. निरोप घ्यायला तो आला तेव्हा अंगण भरलेलं होतं, सगळेच आभार मानायला आलेले. कोणी सुकी मासळी दिली, कोणी तांदूळ. दिव्यानीने काहीच दिलं नाही. गर्दीआडून तिने फक्त विचारलं, "पोचले की रिंग द्यान?"

"किती?"

"दोन. पोचल्याच्या दोनच असतेत."

तो हसला आणि गेला. रात्री दोन रिंगा आल्या. दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाला, विटेवर बाबाचा फोन पुरा वाजून थांबला, दिव्यानी पाळीवर जाऊन बसली... आणि मग तिच्या हातातला वाजला. एक. दोन. तिने श्वास रोखला. तीन... चार... कोणी कापत नव्हतं.

पुरी रिंग.

पाण्यावर शेवटचा उजेड होता. इतक्या दुरून, चामोर्शी-आष्टीपलीकडच्या त्या जंगलातून कोणीतरी फोन कानाला लावून बसलं होतं. ती इथे होती, तो तिथे होता. म्हणजे... दोघंही होते. दिव्यानीला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं.

त्यानंतर रोज वाजू लागला. दोघांनी कधी ठरवलं नाही, कधी बोलले नाहीत. तो रोज द्यायचा, ती रोज पुरी ऐकायची. इतकं गोड होतं ते, की बोलून बिघडेल असं वाटायचं. पण होळी जवळ आली. मनकर्णा घरी परतली, मिरचीने लाल झालेले हात घेऊन. पहिल्याच संध्याकाळी लेकीला पाळीवर फोन छातीशी धरून बसलेली पाहून ती शेजारी येऊन टेकली.

"कोनाची रिंग हाय?"

दिव्यानीने फोन पदराआड केला.

"मी तं लगनाची बायको होती, म्हनून पुरी रिंग पुरली मले," मनकर्णा म्हणाली. "माहं सारं बोलून झालं होतं. तुहं अजून बोलाचं हाय, पोरी. न बोलता कितीक दिवस वाजवसान?"

दुसऱ्या संध्याकाळी फोन वाजला. एक रिंग... दोन... दिव्यानी उठून उभी राहिली. तीन. तिने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाजत्या फोनचं हिरवं बटन दाबलं.

"हॅलो... रोशनजी, मी—"

आणि टॉवर झोपला.

अगदी त्याच क्षणाला. तिने फोनला हलवलं, थोपटलं, टेकडीकडे पाहून मुठी आवळल्या. टॉवर आपला काळोखात उभा, जसं काही त्या गावचाच नाही. ती हसावं की रडावं अशी घरी आली, आणि रात्री कुशीवर कुशी बदलताना एकाएकी उठून बसली. आपण उचलला... आणि त्याला तर माहीत आहे, बोडीटोल्यात फोन कधी उचलतात ते!

सकाळी तलावावर जाळं पडलं होतं. मुखरूभाऊ, मनकर्णा, दिव्यानी, सगळे पाण्यात. मोटारसायकलचा आवाज झाला. गाडी पाळीखाली आडवी पडली आणि वर धावत आला रोशन. शर्ट धुळीने माखलेला, डोळे लाल, एका पायात बूट, दुसरा कुठल्या चिखलात राहिला कोण जाणे... आणि डोक्यावर लाल जरीची कानटोपी.

त्याने मुखरूभाऊकडे पाहिलं. जिवंत. मनकर्णाकडे पाहिलं. जिवंत. मग दिव्यानीकडे... आणि तो गुडघ्यांवर हात टेकून नुसता श्वास घेत राहिला.

"तू उचलला," तो कसाबसा म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "मी परत लावला, लागेना. मले वाटलं—"

"काई रीत हाय का नाई मले, असंच ना?" दिव्यानी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून वाहत होते. कमरेइतक्या पाण्यातून ती दोन पावलं पुढे आली. सगळं गाव ऐकत होतं, ऐकू दे. "कोनी मेलं नाई जी. माहंच बोलाचं राह्यलं होतं. मले पुरी रिंग नाई पुरत आता. तुमी इथी पाह्यजे. मले तुमीच पाह्यजे."

तलावावर क्षणभर मासाही हलला नाही.

"म्हणजे काल एवढंच सांगायचं होतं?" रोशनने विचारलं.

"एवढंच. तुमच्या टॉवरले पुसा, कुठी मेला होता तो."

"कालचा दिवस मोजणार नाही," तो म्हणाला. "नियमच हाय." मग मुखरूभाऊकडे वळून त्याने हात जोडले.

जाळं काठाला आलं होतं. दिव्यानी बाबाकडे पाहत राहिली. पाळीवर परका माणूस उभा होता, जाळं बाहेर येत होतं, रीतीप्रमाणे त्याचा वाटा होता. मुखरूभाऊने एक रोहू उचललाही. पोराकडे पाहिलं. मनकर्णाकडे पाहिलं. आणि रोहू परत जाळ्यात टाकला.

दिव्यानी पुढे सरकली. "बाबा, पाळीचा वाटा..."

"थो परक्याले देतेत," मुखरूभाऊ म्हणाला, आणि जाळ्याचं एक टोक उचलून पाळीकडे धरलं. "घरच्याले फुकटचा मासा नाई भेटत, बेटा. बूट काढ दुसरा. पान्यात उतर."